गोरेपणाचा ताळेबंद

गौरवर्ण ही आमच्या घराण्याची शेवटची स्थावर मिळकत होय. जमिनी कुळकायद्यात गेल्या, वाडा भाऊबंदकीत गेला, विद्वत्ता पणजोबांबरोबर ओंकारेश्वरी गेली. परंतु वर्ण मात्र कोणत्याही मामलेदाराला जप्त करता आला नाही, आणि म्हणून लग्नाच्या वाटाघाटींपासून श्राद्धाच्या पंक्तीपर्यंत आम्ही तोच पुढे करीत आलो. जेथे सूर्याचा अंमल इतका कडक की १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात मजुराला उघड्यावर राबविण्यास सरकारनेच मनाई केली आहे, अशा दुबईत येऊन हा वर्ण टिकेल काय, अशी आप्तेष्टांना रास्त धास्ती होती. घडले ते विपरीत. मुहैस्नाहच्या चौथ्या भागात बिऱ्हाड केल्यापासून मी वर्षागणिक उजळत गेलो. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींतून "दुबई मानवली हो तुम्हाला" असे उद्गार निघू लागले. मी ते विनयाने नाकारीत असे. म्हणजे नाकारताना चेहरा समईच्या बाजूला वळवीत असे.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप लागे, ती मी वयपरत्वे येणाऱ्या चिंतनशीलतेच्या खाती जमा केली होती. दुपारी कचेरीत डोळा लागे, तो वातानुकूलनाच्या खाती. आणि बर्फ! पेला पुढे आला की पाणी राहो बाजूला, मी तळाचे खडे कडाकडा फोडून खाई, आणि या उष्ण प्रदेशात त्याहून स्वाभाविक ते काय असावे, असे मलाच नव्हे तर माझ्या दंतवैद्यालाही वाटे. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असले काहीबाही चघळण्याची वासना हे शरीरातील लोह आटल्याचे जुने आणि वैद्यांना सुपरिचित असे लक्षण आहे; पण आपल्या सवयींना लक्षण म्हणण्याची रीत आमच्यात नाही, आम्ही त्यांना स्वभाव म्हणतो.

अशा भरभराटीच्या काळात रक्तदानाचे शिबिर आले. रक्तदानामागे परोपकार असतो हे खरे, परंतु दात्याचे छायाचित्र निघते हेही खरे. आणि पांढऱ्या खाटेवर बाही दुमडून, किंचित क्षमाशील स्मित करीत पहुडलेला गौरवर्ण गृहस्थ ही कल्पना मला इतकी भावली की मी त्यासाठी नवा सदरा काढला. बोटाला सुई टोचून थेंब यंत्रात घालणाऱ्या मलयाळी परिचारिकेने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा आकडा पाहिला, आणि ज्या हिंदीत आखाती देशांतील सर्व कटू सत्ये सांगितली जातात त्या हिंदीत ती म्हणाली, "सर, आप देने वाला नहीं, लेने वाला है." हिमोग्लोबिन १०.८ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ पुरुषाचे ते दर डेसिलिटरला १३ ग्रॅमच्या खाली, आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय ठरतो. घरी येऊन हे सांगितले तेव्हा कुटुंब क्षणभर गंभीर राहिले, मग म्हणाले, "अहो, मग तो रंग?" आणि ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेले.

व्यासांचे उग्र रूप पाहून अंबालिका फिकी पडली व तिचा पुत्र पांडुर वर्णाचा निपजला, ही कथा मी बालपणी कीर्तनात ऐकली होती. त्यातला पांडू राजा झाला एवढेच मी ध्यानात ठेवले. तो वनात अकाली वारला हा भाग घराण्याच्या परंपरेला अनुसरून गाळला होता.

बातमी पुण्यास पोहोचली आणि त्याच रात्री दूरध्वनीवर परिषद भरली. जे जे तांबडे ते ते रक्त, या सिद्धांतावर परिषदेचे एकमत होते, आणि त्यानुसार बीट, डाळिंब, गाजर व टोमॅटो यांना तातडीने पाचारण करण्यात आले. बिटाची लाली त्यातल्या रंगद्रव्याची असून लोहाशी तिचे काडीचे नाते नाही, हे सांगणाऱ्या भाच्याला "तू गप्प बस" असा आदेश झाला. "खजुराच्या मुलखात राहून रक्त कमी होतं म्हणजे काय!" असे काकूंनी विचारले, आणि मीही लाजलो, वास्तविक शंभर ग्रॅम खजुरात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि खजुराने रक्त भरायचे तर आधी मधुमेह भरेल. परिषदेत खरे बोलणारी एकटी ताई निघाली. ती म्हणाली, "अहळिवाचे लाडू खा, आणि ते नॉनस्टिक फेकून लोखंडी कढई घे." अहळिवात लोह खरोखरच विपुल आहे, आणि आंबट भाजी लोखंडी कढईत शिजली तर तिच्यात थोडे लोह उतरते हेही प्रयोगाने ठरलेले आहे. तथापि ताईचे सगळे ऐकण्याची पद्धत नसल्याने आम्ही बीट आणले.

पुढच्याच आठवड्यात मावसभाऊ आला. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत भाकरवडीच्या खाली औषधांचे एक गुप्त दप्तर असते. त्यातून लोहाचे टॉनिक, लोहाच्या कॅप्सुली, सर्व जीवनसत्त्वे अकारविल्हे भरलेली एक बाटली आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाहेर पडल्या. सगळे एकदम सुरू करावे आणि महिन्याभरात शिबिरात जाऊन त्या परिचारिकेला तोंड दाखवावे, असा माझा बेत होता. कुटुंबाने मध्ये पडून मला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

बाईंनी त्या ढिगाकडे पाहिलेही नाही. त्या मला असे प्रश्न विचारू लागल्या की जे सभ्य समाजात विचारीत नाहीत. मलाचा रंग कोणता? वजन उतरले का? गुडघ्यासाठी काही घेता का? मी चिडलो. रक्त कमी आहे, लोह समोर आहे, मग एक दुसऱ्यात घालण्यास विलंब कशाचा? त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या कारकुनी भाषेत मांडतो. शरीराचा लोहविषयक कारभार पेशवे दप्तराच्या तोडीचा आहे. सारी मिळकत तीन-चार ग्रॅमची. रोजची आवक एक-दोन मिलिग्रॅम, जावकही तेवढीच. आणि नवल हे की आवकेवर कडक चौकी असूनही जास्त झालेले लोह बाहेर घालविण्याचे खातेच या राज्यात उघडलेले नाही. हिमोग्लोबिन हा चालू कारभार, फेरिटिन ही कोठारातील शिल्लक. स्त्रीच्या बाबतीत मासिक जावक तरी कागदोपत्री असते. परंतु पुरुषाच्या, अथवा पाळी गेलेल्या स्त्रीच्या कोठारात खडखडाट आढळला, तर कोणीतरी पावती न देता माल नेत आहे असे समजावे, आणि भरणा करण्याबरोबर गळतीचा तपास लावावा. कारण ती गळती कधी व्रणाची असते, आणि कधी आतड्याच्या कर्करोगाची पहिली वर्दीही असते. टॉनिक पिऊन आकडा वर आला की तपास थांबतो, गळती थांबत नाही.

मी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या स्वयंप्रज्ञेने घेत असे. नळी घालून पाहिले तेव्हा जठरात व्रण निघाला. म्हणजे माझे घराणेदार तेज हे गुडघ्याच्या गोळीचे देणे होते.

रक्तक्षय म्हटला की लोहच, हाही एक भ्रम आहे. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाच्या रक्तपेशी लहानच असतात, हिमोग्लोबिन थोडे उणे असते, पण कोठार भरलेले असू शकते. त्याला वर्षानुवर्षे लोह चारणे म्हणजे भरल्या कोठारात भर घालणे, आणि जावकेचे खाते नाही हे वर आलेच आहे. आपल्याकडील शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाचा दुष्काळ किती खोल आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले. अशा दुष्काळात नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. त्या फॉलिक आम्लाचा शोध तर आपल्या परळातून निघाला. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईस आली, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय हाफकिन संस्थेत बसून अभ्यासू लागली, आणि औषधे थकली तेव्हा मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका बऱ्या होतात असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या बायकांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

असो. अखेर गोळी मिळाली. पाकिटावर फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम असे लिहिलेले होते आणि त्यातले प्रत्यक्ष लोह ६५. ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते ३५ च भरते, म्हणून पाकिटावरचा मोठा आकडा पाहून हुरळू नये. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस, हे कळल्यावर मला थोडे वाईट वाटले; परदेशी वैद्यकाने तरी काही परदेशी द्यावे. "दोन घेतल्या तर दुप्पट वेगाने?" असे मी विचारले. लोहाचा एक हप्ता आत गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचा हुकूम सुटतो व आतड्याची चौकी जवळजवळ दिवसभर आखडते. दुसरी गोळी चौकीबाहेर पडून राहते आणि पोटात मुरडा, मळमळ व बद्धकोष्ठ एवढेच करते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली लोह उणे असलेल्या तरुण स्त्रियांवर प्रयोग करून दाखविले की दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोह रोजच्या गोळीपेक्षा अधिक अंशाने शोषले जाते. म्हणून मला दिवसाआडची मुदत मिळाली. दुसऱ्याला रोजची मिळेल, तो डॉक्टरांचा अखत्यार. गोळीबरोबर लिंबाचे सरबत हवेच, असा माझा आग्रह होता. परंतु शांघायमध्ये ४४० रुग्णांवर प्रयोग होऊन २०२० साली असे प्रसिद्ध झाले की गोळीसोबत क जीवनसत्त्व घेतल्याने विशेष लाभ दिसला नाही. सरबत मी चालू ठेवले, पण औषध म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी मलाचा रंग काळा झाला, आणि मी मृत्युपत्राचा मसुदा काढला. लोहाने तो काळा होतोच, त्यात भय नाही. मात्र डांबरासारखा चिकट, दुर्गंधी काळा मल म्हणजे रक्त पडत असल्याची खूण, आणि तेव्हा मसुदा न काढता रुग्णालय गाठावे. हिमोग्लोबिन चार आठवड्यांत सुमारे दोन ग्रॅम चढावे, न चढल्यास पुन्हा विचारावे, आणि पुरते चढल्यावरही कोठार भरण्यास सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी, असे बाईंनी बजावले. एवढे सारे मी शांतपणे ऐकले. मग त्या म्हणाल्या, गोळीच्या आगेमागे चहा नको.

येथे वाचकांनी मला थोडी मोकळीक द्यावी. मुहैस्नाहमध्ये चहा हे पेय नसून नागरिकत्वाचे एकमेव सुलभ रूप आहे. येथे करक मिळतो: दाट दूध, वेलदोडा, आणि पत्ती उकळून उकळून तिच्याकडून कबुलीजबाब घेतलेला. उपाहारगृहासमोर मोटार उभी करून भोंगा वाजविला की मलबारी पोऱ्या कागदी पेला खिडकीशी आणून देतो. एकेकाळी एका दिरहमला मिळे, आणि त्या एका दिरहमात कंपनीचा व्यवस्थापक, टॅक्सीवाला पठाण आणि मुहैस्नाह दोनच्या वसाहतीतून, जिला सारे सोनापूर म्हणतात (मुंबईकर वाचकाने दचकू नये), पहाटेच्या अंधारात बसने निघालेला निजामाबादचा गवंडी हे सारे एका पातळीवर येत. माझे दिवसाचे वेळापत्रक चहाच्या वेळांमधील रिकाम्या जागांचे बनलेले आहे. अशा माणसाला चहा वर्ज्य करण्यास सांगणे म्हणजे वाळीत टाकणेच होय.

वाळीत टाकणे हा शब्द मी सहज वापरलेला नाही. मराठी माणूस आणि चहा यांच्यातले सर्वांत मोठे प्रकरण पुण्यात १८९० सालच्या ऑक्टोबरात घडले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी पुढे त्या मंडळींची नावे 'पुणे वैभवा'त छापून आणली, आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य उभे राहिले. टिळक त्यात, रानडे त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले, आणि रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारक त्यांच्यावर उलटले. ज्या पेयाने एकाच वेळी सनातन्यांना आणि सुधारकांना क्रुद्ध केले, त्याच्या सामर्थ्याविषयी मला पूर्वीच शंका यायला हवी होती. शास्त्रीमंडळींना चहात धर्मबाह्य दिसले; त्यातले टॅनिन कोणाला दिसले नाही.

टॅनिन लोहाला आतड्यात गाठून त्याच्याशी असे बांधले जाते की त्याला आत शिरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९७५ साली हे प्रयोगाने सिद्ध केले. वास्तविक आपल्या रंगाऱ्यांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते: सह्याद्रीतला हिरडा टॅनिनने भरलेला, त्याच्या काढ्यात हिराकस टाकला की गडद काळा रंग उतरतो, आणि त्याच जातीच्या मिश्रणाची शाई युरोपात शतकानुशतके दस्तऐवजांना वापरली गेली. म्हणजे करकच्या घोटाबरोबर हिराकसाची गोळी गिळणारा मनुष्य पोटात रक्त नव्हे, शाई तयार करीत असतो. लेखकाला याहून योग्य व्याधी कोणती? मी बाईंना हे सांगितले. त्या हसल्या नाहीत. चहा व कॉफीला गोळीपासून तासा-दोन तासांचे अंतर, दूध व आम्लपित्ताच्या औषधाला तसेच, आणि मावसभावाने आणलेले कॅल्शियम त्याच वेळी तर मुळीच नाही, असे त्यांनी लिहून दिले. ताई पहाटे थायरॉइडची गोळी घेते, तिला कोणी लोह सांगितले तर दोहोंत चार तास पाहिजेत, हेही मी विचारून घेतले. सर्वजीवनसत्त्वांची बाटली बाईंनी टेबलाच्या त्यांच्या बाजूस सरकविली. तिच्यातही लोह होतेच, आणि अ व ड ही जीवनसत्त्वे वाजवीपेक्षा जास्त घेतली तर शरीरात साठून बाधतात.

माझ्या निमित्ताने कुटुंबाचीही तपासणी झाली. ९.४. माझ्या १०.८ साठी पुण्यात परिषद भरली होती; तिच्या ९.४ वर, ज्या ताईला लोखंडी कढईचे महत्त्व कळते त्याच ताईने एका वाक्यात निकाल दिला: "बायकांचं असायचंच." हे वाक्य ताईचे नव्हे, ते आमच्या आजीचे आहे, आणि आजीचेही नसावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांत तोच आकडा २५. अर्ध्याहून अधिक बायका दमलेल्या असतील तर दमणे हाच त्यांचा स्वभाव ठरतो, आणि तिचा डबा, तिची धुणी, तिचे पहाटे उठणे यांत कोणाला काही वेगळे दिसत नाही. "पाळीत रक्त फार जातं का?" हा साधा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी विचारला तेव्हा ती थोडा वेळ उत्तरच देईना, लग्नापासून तो तिला कोणी विचारला नव्हता. गरोदरपणी सरकारी लाल गोळ्या तिला मिळाल्या होत्या, आणि तोंडाला येणारी लोखंडी चव जावी म्हणून ती त्या सकाळच्या चहाबरोबर घेत असे. ते पाहणारे चहाच्या पंगतीतले आम्ही सगळेच होतो. मला या गोष्टीवर विनोद सुचत नाही.

आता दोघांच्या गोळ्या रात्री, जेवणानंतर बऱ्याच अवधीने, आणि एकमेकांच्या देखरेखीखाली होतात. पाकीट फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात कुलपात असते, कारण शेजारची चार वर्षांची चिमुरडी आमच्याकडे खेळायला येते आणि लाल, गुळगुळीत, साखरेचा लेप दिलेली गोळी तिला गोळीच वाटणार. मुलाच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेले तरी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि ६० च्या पुढे गेले तर जिवावर बेततेच म्हणावे लागते. सुरुवातीच्या उलट्यांनंतर मूल काही तास बरे वाटू लागते, तेवढ्यावर विसंबून घरी थांबू नये.

पुण्याहून मुहैस्नाहकडे निघणाऱ्या वाचकांस विनंती की टॉनिक, कॅप्सुली व सर्वजीवनसत्त्वांच्या बाटल्या आणू नयेत; गोळ्या येथे मिळतात, फेरिटिनची तपासणीही येथे होते. आणायचीच असेल तर लोखंडी कढई आणावी.